पाचव्या शीलापाशी

कडाव,
१९ एप्रिल १९७३

ती. कोंडीराम भाऊजींस,
चंद्रभागेचा सप्रेम जयभीम.

पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण आधी वाचा. ठाकूरवाडीच्या सिग्नल केबिनमध्ये दोन गाड्यांच्या मधे तुम्हाला वेळ असतो, हे मला माहीत आहे.

जयंतीला झेंड्यापाशी तुम्ही जे बोललात ते साऱ्या वाडीनं ऐकलं. मीही ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त तुमच्या भावानं, कारण ते तेव्हा ओट्याच्या पायरीवर बसून पायातली चप्पल हातात घालायला बघत होते.

वाडीत त्रिशरण-पंचशील म्हणायचं ते त्यांनीच, हे आमच्या लग्नाच्या आधीपासून चालत आलंय. त्या दिवशी चार शीलं नीट झाली. पाचव्यापाशी, नेमकं दारू न पिण्याच्या शीलापाशी, त्यांची जीभ जड झाली. शब्द तोंडातच घोळला. मग झोकांडी गेली आणि ते मेणबत्त्यांवर पडता पडता वाचले. पोरं हसली. बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "ज्याच्या अंगात मी माजं रगत घातलं, त्यानं त्यात दारू घातली. आजपासून ह्याच्या दारात कुनी जायाचं नाय. मी पन नाय."

भाऊजी, ते प्यायले नव्हते.

मामंजींना दारूनं नेलं. तुम्ही मिसरूड फुटायच्या आधी बापाला कालव्याच्या कडेवरून उचलून आणायचात आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरायचात, हे सगळं मी ऐकून आहे. दोघांनी एकाच मांडवात दीक्षा घेतलीत. म्हणून तुम्हाला लागलं, हेही कळतं. मागच्या वर्षी यांना रक्ताची उलटी झाली, मुंबईला नेलं, ऑपरेशनला रक्त हवं म्हटल्यावर तुम्ही बाही वर करून आडवे झालात. तुमचं जुळलं, दुसऱ्या कुणाचं जुळलं नाही. तुमच्या रक्तावर माझं कुंकू राहिलं म्हणा, दीक्षेनंतर कुंकू लावत नाही म्हणून काय झालं. ते उपकार मी विसरणार नाही. पण ज्यानं रक्त दिलं त्याला अब्रू काढायचाही हक्क मिळतो का?

त्या दिवशी ते दुपारपासून झोपले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले. उठल्या उठल्या विचारलं, "पंचशील झालं का गं? मला हाका कुनी मारल्या नाय?"

आणि एक. काल नामा दूधवाला सायकलवरून तुमची नेहमीची टोपली ठेवून गेला. भाताच्या तुसात घातलेली ठाकरांकडची अंडी आणि वर सुकटीची पुडी. तोंड बघायचं नाही आणि अंडी मात्र पाठवायची, ही कुठली रीत? तरी घेतली. दवाखान्यातून निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "खायाला घाल त्याला चांगलं." घालते आहे.

उत्तराची वाट बघते.

चंद्रभागा


कडाव,
६ ऑगस्ट १९७३

ती. भाऊजींस, जयभीम.

उत्तर आलं नाही. टोपली आली. एक आठवडा चुकला नाही. तुमच्या टोपलीला वाचा असती तर निदान तिच्याशी भांडले असते.

पुन्हा तसं झालं. एकदा नाही, कितीदा तरी. दोन-चार दिवस माणूस सोन्यासारखा असतो. आमच्या सोमीला कडेवर घेऊन शेतावर जातो, बालवाडीतली माझी पोरं त्यांच्या पाठीवर बसतात. मग एखादी संध्याकाळ अशी येते की चहात मीठ घालतात. चुलीच्या कोपऱ्यात लघवीला बसतात. मी ओरडले तर माझ्याकडे असं बघतात की मी कोण हेच त्यांना ठाऊक नाही. हात पुढं करा म्हटलं तर पंजे आपोआप फडफडतात. पाटीवर स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण माझ्या बालवाडीतल्या पोरांनी त्याहून बरं लिहिलं असतं.

आणि तोंडाला वास येतो. लपवून काय करू? गोडसर, कुबट, मोहाची फुलं भिजून कुजावीत तसा. शेजारची सोनाबाई येता जाता नाक मुरडते. तिचा माणूस खरा पितो, त्यामुळे तिच्या नाकाला मान आहे.

मी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलंय, भाऊजी. झोपेत. एकदा नाही. त्यांच्या कोटाचे खिसे, गोठ्यातलं गवत, पाणी तापवायच्या चुलीमागची फट, सगळं उपसलं. बाटली मिळाली नाही. मिळाली नाही म्हणून बरं वाटलं की आणखी राग आला, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

सोमी आता खेळताना बाबांसारखं चालून दाखवते. वाडीतली पोरं तिला म्हणतात, "कर गं, परत कर." ती करते. सहा वर्षांची आहे, तिला काय कळणार?

अंगात ताकद नाही म्हणून असं होत असेल असं मला वाटतं. म्हणून तुमच्या अंड्यांतलं मी एकही सोमीला देत नाही, सगळी त्यांनाच घालते. आठवड्यातून एकदा कलेजी आणते. रक्त गेलंय, रक्त भरायला नको? तुम्ही एकदा येऊन बघून जा. दारात येणार नाही म्हणालात, तर ओट्यावर बसा. मी चहा बाहेर आणून देईन.

चंद्रभागा


कडाव,
२१ डिसेंबर १९७३

भाऊजी,

तुमच्या कानावर गेलंच असेल. तुमचे भाऊ धाऊच्या झोपडीतून बाहेर पडताना दिसले. धाऊ हातभट्टी लावतो हे कर्जतच्या पोलिसांनाही ठाऊक आहे. दोघांनी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीनं पाहिलं.

ते तिथं का गेले होते ते ऐका.

कालव्याला पाणी सोडलंय. तुमच्या भावाचं काम तुम्हाला माहीत आहे, पाटकरी, कुणाच्या पाटाला केव्हा पाणी जायचं ते दार उघडून सोडायचं. दहा वर्षं कुणाची तक्रार नाही. मागच्या आठवड्यात सकाळी त्यांनी भलतंच दार उघडलं आणि तिथंच बांधावर डुलक्या घेत बसले. बुधाजी पाटलांच्या उन्हाळी भाताच्या लावणीत गुडघाभर पाणी तुंबलं, बांध फुटला, रोपं वाहून गेली. कालव्याचे साहेब आले तेव्हा हे त्यांना म्हणाले, "पानी कुनाचं हाय? कुनाचं पन नाय." साहेबांनी तोंडाचा वास घेतला आणि कामावरून कमी केलं.

तीन दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं. मग मला म्हणाले, "चंद्रे, खरं सांग. मी पितो का?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? तुम्हालाच ठाऊक."

"मला आठवत नाय गं. त्या येळचं कायच आठवत नाय. दादा म्हनतो, साहेब म्हनतो, समदी म्हनत्यात. एवढी मानसं खोटं बोलतील का? बा पन असाच म्हनायचा, मी नाय प्यायलो म्हनून."

आणि मग उठले आणि धाऊकडे गेले. विचारायला, की मी तुझ्याकडे येतो का? भट्टीवाल्याला विचारायला गेला तुमचा भाऊ, की बाबा, मी तुझं गिऱ्हाईक आहे का! धाऊनं हात जोडले. म्हणाला, "सदूभाऊ, तुमी कवा आलाव माज्याकडं? तुमच्या कोंडीरामदादानं माजी भट्टी दोनदा फोडलीय. तुमाला पाजून मी मरू काय?" ते ऐकून हे बाहेर पडले आणि तेवढं बाहेर पडणं लोकांनी पाहिलं.

धाऊवरही त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणतात, तो भीतीनं नाही म्हणाला असेल.

तुमच्याकडे घाट उतरणारी गाडी थांबली नाही, तर तिचा ब्रेक गेला असं धरून तुम्ही तिला अडवायला बाजूच्या चढाच्या रुळावर घालता. पण आधी तिला थांबायची संधी तर देता ना? भावाला तेवढीही दिली नाहीत.

मला आता एकच हवंय. त्यांना स्वतःबद्दल जी शंका आलीय ती काढायला हवी. माझ्यानं ती निघत नाही, मी बायको. ज्या तोंडानं त्यांना दारुडा म्हटलं त्याच तोंडानं नाही म्हटलं तर निघेल. माणूस आजारानं झिजतो ते मी बघू शकते. हे असं रोज स्वतःलाच पकडून झडती घेणं मला बघवत नाही.

चंद्रभागा


मुंबई, दवाखाना,
१२ फेब्रुवारी १९७४

कोंडीराम भाऊजी,

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. कागद मांडीवर धरलाय, अक्षर लागलं नाही तर कुणाकडून वाचून घ्या.

माघी पौर्णिमेला सुकटीचं कालवण केलं होतं. तुमच्या पुडीतलं. त्यांनी कधी नव्हे ते मागून मागून खाल्लं. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी उठवायला गेले तर उठेनात. चिमटा काढला तरी नुसते हुंकारले. वाडीतलं कुणी आलं नाही, तुमचा हुकूम होता. नामानं टेंपो आणला. शिळफाट्याच्या डॉक्टरांनी डोळे उघडून पाहिले, वास घेतला, पंजे पाहिले आणि विचारलं, "यांचं लिव्हरचं ऑपरेशन झालंय का?" भाऊजी, त्यांनी दारूचं नावही काढलं नाही. म्हणाले, तसेच मुंबईला न्या.

इथं तेच डॉक्टर भेटले, ज्यांनी ऑपरेशन केलं होतं. त्यांनी मला बसवून समजावलं. जसं समजलं तसं लिहिते.

आपण जे खातो त्याचं रक्त आतड्यांतून एका मोठ्या शिरेनं लिव्हरमध्ये जातं. लिव्हर ते गाळतं, त्यातली घाण मारतं, मग ते अंगभर फिरतं. यांचं लिव्हर लहानपणच्या काविळीनं आतून निबर झालंय. तेव्हा तुम्ही कर्जतला कुणाकडून तरी कावीळ उतरवून घेतली होतीत, ती डोळ्यांतून उतरली, पण आत राहिली. निबर लिव्हरमधून रक्त पुढं जाईना, शीर तुंबली. तुंबलेलं रक्त मिळेल त्या बारीक शिरांतून वाट काढू लागलं. त्या घशाच्या खालच्या नळीत फुगल्या आणि फुटल्या. ती रक्ताची उलटी. मी म्हटलं, म्हणजे दार लागलं आणि बांध फुटला. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच.

मग ऑपरेशनात त्यांनी ती तुंबलेली शीर दुसऱ्या शिरेला जोडून दिली. नवा पाट काढला, लिव्हरला वळसा घालून. बांध पुन्हा फुटला नाही, उलटी थांबली. पण त्या पाटानं जातं ते न गाळलेलं रक्त. त्यातली घाण थेट डोक्यात चढते. माणूस झोकांड्या खातो, बरळतो, तोंडाला वास मारतो, नंतर त्याला काही आठवत नाही. आणि ही घाण सगळ्यात जास्त कशातून होते? मटण, मासे, अंडी. पोट साफ नसेल तर आणखीच.

मी विचारलं, "मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "बाई, सांगितलं होतं. सुट्टी देताना नीट बजावून सांगितलं होतं. यांना ज्यांनी रक्त दिलं ते थोरले भाऊ, उंच, मिशीवाले. त्यांना."

त्या दिवशी मी खाली औषधांच्या रांगेत होते. वर येऊन तुम्हाला विचारलं होतं, काय म्हणाले डॉक्टर? तुम्ही काय म्हणालात ते आठवतं? मला आठवतं. "काय नाय. खायाला घाल त्याला चांगलं."

का, भाऊजी? का?

मी घातलं. माझ्या हातांनी घातलं. पोरीच्या तोंडचं काढून घातलं. टोपली आली की दोन दिवसांनी त्यांची संध्याकाळ बिघडायची आणि मी वेडी, बिघडली म्हणून आणखी दोन अंडी फोडायची. तुमची माया तुसात गुंडाळून येत होती आणि मी ती त्यांना भरवत होते. आणि तिचं जे व्हायचं, त्यालाच तुम्ही दारू म्हणालात.

मला तुमचा इतका राग आलाय की तुम्ही समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण राग ठेवायला जागा नाही माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं उलटी थांबली, लिव्हर बरं झालं नाही. ते संपत आलंय. औषधानं, साध्या भातानं काही दिवस शुद्ध राहील. त्या दिवसांत या. येऊन एवढंच म्हणा, सदू, तू प्यायला नव्हतास.

चंद्रभागा


कडाव,
२४ मार्च १९७४

भाऊजी,

आज टोपली परत पाठवते आहे. अंडी तशीच आहेत, एकही काढलेलं नाही. पत्रं तुम्ही न फोडता ठेवून देता, असं तुमच्या घरच्या ठकूबाई वहिनी नामाजवळ बोलल्या. अंडी मात्र तुम्ही स्वतः काढाल, फुटली का बघाल. म्हणून हे पत्र तुसात खुपसलंय. आणि मुंबईचं पत्र पुन्हा तसंच्या तसं लिहून त्याच्या खाली ठेवलंय. ते आधी वाचा. मी थांबते.

वाचलंत?

आता पुढचं. भात, भाजी, ताक आणि गोळ्या यांवर ते आहेत. मुंबईहून आल्यापासून एकदाच डोळे जड झाले होते. बाकी माणूस पूर्वीसारखा शुद्ध आहे. कालव्यावर जाऊन लांबून दारं बघून येतात. पोट मात्र फुगलंय, पाय सुजलेत, बेंबीभोवती शिरा निळ्या दिसतात. सोमी त्यावर बोट फिरवून म्हणते, बाबांच्या पोटावर नकाशा.

मी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. पाट, वळसा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मला म्हणाले, "तू लई हुशार हायस. नवऱ्याची लाज झाकायला काय काय शोधून काढलंस." हसून म्हणाले. तेच मला जास्त लागलं.

पंचशील म्हणत नाहीत. सकाळी सोमी म्हणते तेव्हा चार शीलांपर्यंत ओठ हलतात. पाचव्याला तोंड मिटून घेतात.

तुमचा अपराध मी चारचौघांत बोलणार नाही. मला हिशेब चुकता करायचा नाही. डॉक्टरांचं का सांगितलं नाहीत तेही विचारणार नाही. त्यांना डोकं ठिकाणावर असताना तुमचं तोंड हवंय. ते दिवस फार नाहीत, भाऊजी. पाया पडायची रीत आपण सोडली, नाहीतर पाया पडले असते. पडतेच, समजा.

चंद्रभागा


कडाव,
२ जून १९७४

ती. कोंडीराम भाऊजींस,
चंद्रभागेचा जयभीम.

आता गाड्या सुरू झाल्या. तुम्ही आलात तेव्हा रेल्वेचा संप होता. घाटात गाडी नव्हती, तुम्ही रुळावरून चालत खाली आलात आणि पुढं कर्जतहून कडावपर्यंतही चालत. दारात उभे राहिलात तेव्हा तुमच्या पायांना फोड आले होते आणि हातात पहिल्यांदाच टोपली नव्हती. मी तुम्हाला बसा म्हटलं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मला सुचलंच नाही.

त्या दिवशी ते शुद्धीत होते. तुम्हाला बघून उठायला गेले, पोटानं उठू दिलं नाही. विचारलं ते एकच. "दादा, मी प्यायलो व्हतो का?"

तुम्ही म्हणालात, "नाय रं. तू नाय प्यायलास."

"मंग मला काय झालंतं?"

तुम्ही भिंतीकडं बघत म्हणालात, "मी पाजली तुला. अंड्यांतनं."

ते हसले. कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले. "अंड्यांतनं कोन पितं, दादा?" आणि तुम्ही रडलात. तुम्हाला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही.

नंतर परसात तुम्ही मला न विचारता सांगितलंत. "डाक्टरचं बामनाचं आडनाव ऐकलं आनि माजं डोकं फिरलं. वाटलं, आला ह्यो पन आमच्या ताटातलं काढायला. पिढ्यान्पिढ्या आमाला सांगत आले, हे खाऊ नका, ते खाऊ नका, हे खाता म्हनून तुमी बाटलेले. मनात म्हनलं, माज्या भावाला मी दुप्पट खायाला घालीन." ते डॉक्टर खरंच तसे असते, तर मी तुमच्यासारखंच केलं असतं. हे मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं, आता सांगते.

संध्याकाळी तुम्ही सगळ्या वाडीला झेंड्यापाशी बोलावलंत आणि जे तोंडानं बोलला होतात ते त्याच तोंडानं मागं घेतलंत. सोनाबाई रात्रीचा भात घेऊन आली. धाऊसुद्धा लांब उभा राहून ऐकत होता. घरी येऊन तुम्ही यांच्या उशाशी बसलात. यांनी पंचशील म्हटलं. पाचही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुम्हाला ओळखलं, हाक मारली आणि विचारलं, "दादा, मी प्यायलो व्हतो का?"

तुम्हाला वाटलं, झोपेत आहेत. तुम्ही पुन्हा सांगितलंत. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तुम्ही होतात तोवर रोज. एकदा तर जेवणाआधी सांगितलं ते जेवणानंतर डोक्यातून गेलं होतं. शेवटच्या दिवशी तुम्ही उत्तर देऊन परसात गेलात आणि बराच वेळ परत आला नाहीत. संप मिटल्याचं कळलं तसे निघालात. निघताना मला म्हणालात, "चंद्रभागे, आता मी मोकळा झालो." मी मान हलवली.

तुम्ही झालात, भाऊजी. ते नाही झाले.

डॉक्टर म्हणतात, पथ्य पाळूनही आता असंच होणार. शुद्धीचे तास कमी कमी होत जाणार. त्या तासांत दुसरं काही मागत नाहीत. भूक नाही, दुखतंय म्हणत नाहीत. सोमीलाही जवळ घेत नाहीत. जागे झाले की माझ्याकडं बघतात आणि मला कळून जातं, आता विचारणार. मी सांगते, दादा येऊन गेला, दादा म्हणाला तू नाही प्यायलास. ते म्हणतात, "दादा कवा आला? दादा रुसलाय माज्यावर." सोमी सांगते, मोठे बाबा आले होते, माझ्याशेजारी झोपले होते. ते म्हणतात, पोरीला पण शिकवलंस. तुमचा केबिनचा रुमाल राहिलाय इथं, तो दाखवला. त्यांनी हातात घेतला, वास घेतला आणि उशाखाली ठेवला. म्हणाले, "नामाकडं दे. दादाला लागंल."

वाडीतलं कुणीही सांगून उपयोग नाही. सगळे सांगून थकले. माणसं आता येतात, बसतात, आणि बसून ओशाळतात.

तुम्ही एकदा येऊन बोललात, त्याचं मोल मला आहे. पण त्यांच्या लेखी तुम्ही अजून आलेलाच नाहीत. त्यांच्या लेखी अजून जयंतीचाच दिवस आहे आणि तुम्ही झेंड्यापाशी उभे आहात.

सकाळच्या गाडीनं निघा. दारात आलात की ते पुन्हा तेच विचारतील. कंटाळा दाखवू नका, मागच्या वेळचं काढू नका.

पहिल्यांदाच आल्यासारखे या.

तुमची,
चंद्रभागा